‘नो मॉड्यूल नेम्ड…’ : एका एररचा इतिहास

पीएचडीला लागलं की पहिल्या महिन्याभरात बहुतेकांच्या हातात एक फोल्डर येतो. आधीच्या सिनियरने मागे ठेवलेला. त्यात दहा-बारा पायथनच्या फाइली, नोंदी जवळपास शून्य, आणि सोबत गाइडचं एक वाक्य: ‘हे आधी चालवून बघ, मग पुढचं बोलू.’ चालवायला जावं तर पहिल्या पाच ओळींतच गाडी अडते. ‘मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर: नो मॉड्यूल नेम्ड’ आणि पुढे एखादं नाव.

अशा वेळी सगळे जे करतात तेच आपण करतो. त्या नावापुढे ‘पिप इन्स्टॉल’ मारून बघतो. नाही जमलं तर पायथन काढून पुन्हा टाकतो. कधीकधी त्याने चालूही लागतं. पण का बिघडलं होतं आणि का चालू लागलं, यातलं काहीच कळत नाही. संशोधनात ही अवस्था धोक्याची आहे, कारण सहा महिन्यांनी त्याच कोडमधून वेगळा आकडा आला तर कशावर बोट ठेवायचं हेच माहीत नसतं.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. इम्पोर्टच्या बहुतेक एररला एक तारीख असते. कुठल्यातरी वर्षी पायथनमध्ये किंवा एखाद्या लायब्ररीत एक निर्णय झाला. तुमचा फोल्डर त्या निर्णयाच्या अलीकडे राहिला आणि तुमचं मशीन पलीकडे गेलं. ती तारीख ओळखता आली की उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो. उदाहरणासाठी लांब जायला नको. पुण्यातच गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात एनसीआरए ही संस्था आहे, आणि तिची दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे. तिथल्या डेटाची गोष्ट आपल्या कामाला पुरेशी आहे.

आधी, इम्पोर्ट म्हणजे नेमकं काय होतं?

पायथनची पहिली जाहीर आवृत्ती, ०.९.०, गीडो व्हान रोसुमने फेब्रुवारी १९९१ मध्ये दिली. मॉड्यूलची कल्पना तेव्हापासूनच आहे आणि ती मॉड्युला-३ या भाषेतून घेतलेली आहे. एका फाइलमधलं काम दुसऱ्या फाइलला नावाने मागता यावं, एवढाच हेतू.

तुम्ही ‘इम्पोर्ट नमपाय’ लिहिता तेव्हा पायथन आधी स्वतःची एक वही बघतो. तिचं नाव सिस-मॉड्यूल्स. हे नाव या सत्रात आधी उघडलंय का? असेल तर तेच परत देतो. नसेल तर नमपायसारख्या बाहेरच्या मॉड्यूलसाठी तो सिस-पाथ नावाची यादी काढतो. ही फोल्डरांची यादी असते आणि तिला क्रम असतो. पहिल्या फोल्डरात नाव सापडलं की शोध तिथेच थांबतो.

सदाशिव पेठेत जाऊन ‘जोशी’ शोधण्यासारखं आहे हे. पायथन गल्लीच्या टोकापासून दारावरच्या पाट्या वाचत निघतो आणि पहिली ‘जोशी’ पाटी दिसली की त्या घरात शिरतो. तुम्हाला कुठले जोशी हवे होते हे तो विचारत नाही. पुढच्या गल्लीत खरे जोशी वाट बघत बसलेले असले तरी त्याला पत्ता नसतो.

यावरून दोन प्रकार सरळ दिसतात. सगळ्या गल्ल्या संपल्या आणि पाटीच दिसली नाही, हा एक. चुकीच्या जोश्यांकडे शिरला, हा दुसरा. पहिल्यात ‘नो मॉड्यूल नेम्ड’ येतं. दुसऱ्यात ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ किंवा ‘हॅज नो ॲट्रिब्यूट’ असलं काहीतरी येतं, कारण घर मिळालं पण हवी ती वस्तू तिथे नाही. या दोन संदेशांतला फरक वाचायची सवय लावा. निम्मा वेळ तिथेच वाचतो.

खोडदची दुर्बीण आणि तिचं सॉफ्टवेअर

गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. जवळपास निम्म्या मधल्या चौकात, बाकीच्या तीन बाहूंवर सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. अशा दुर्बिणीतून फोटो मिळत नाही. अँटेनांच्या जोड्यांमधून आकडे मिळतात, आणि त्या आकड्यांवर भरपूर गणित केल्यावर आकाशाचं चित्र तयार होतं. म्हणजे सॉफ्टवेअर नसेल तर दुर्बिणीचा डेटा नुसता डिस्कवर पडून राहील.

हे गणित करणारं जुनं, भरवशाचं पॅकेज म्हणजे एआयपीएस. अमेरिकेच्या एनआरएओ संस्थेत १९७८ मध्ये सुरू झालेलं, मुख्यतः फोरट्रानमधलं. त्याची जागा घ्यायला १९९० च्या दशकात एआयपीएस प्लस प्लस आलं. ते सी प्लस प्लसमध्ये होतं आणि वापरणाऱ्याने आज्ञा द्यायच्या त्या ग्लिश नावाच्या भाषेत. पुढे ग्लिश गेली, तिच्या जागी पायथन आला, आणि त्या सगळ्याचं नाव झालं कासा. दुसऱ्या बाजूला जुन्या एआयपीएसलाही पायथनमधून चालवता यावं म्हणून पार्सलटंग नावाचा दुवा तयार झाला. थोडक्यात, रेडिओ खगोलशास्त्रात पायथन आला तो वरचा थर म्हणून. खाली जड, जुनी यंत्रं आणि वर त्यांना हुकूम सोडणाऱ्या पायथनच्या पाच ओळी.

एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात जीएमआरटीवर १५० मेगाहर्ट्झला एक मोठं आकाश-सर्वेक्षण झालं: टीजीएसएस. तो डेटा अर्काइव्हमध्ये होता. काही वर्षांनी ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा हातात घेतला आणि संपूर्ण सर्वेक्षणावर स्पॅम हे सॉफ्टवेअर चालवलं. २०१७ मध्ये निकाल छापून आला: सुमारे ३६,९०० चौरस अंश आकाश आणि ६.२ लाख रेडिओ स्रोतांची यादी. आज जगभर वापरली जाणारी ही यादी खोडदच्या जुन्या डेटातून निघाली आहे. आणि स्पॅम हे पार्सलटंगच्या आधाराने चालणारं, पायथन २ मधलं सॉफ्टवेअर.

पायथन २.७ आला जुलै २०१० मध्ये, म्हणजे सर्वेक्षण सुरू झालं त्याच वर्षी. त्याचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. डेटा अजून कामाचा आहे आणि त्याच्यासोबतचा पायथन निवृत्त झाला. आपल्या सगळ्या इम्पोर्ट एररचं मूळ या एका विसंगतीत आहे: डेटा सॉफ्टवेअरपेक्षा जास्त जगतो.

पहिली तारीख: स्वतःचा पायथन घेऊन येणारी पॅकेजं

कासाची ५ पर्यंतची आवृत्ती म्हणजे स्वतःची विहीर असलेला वाडा. तिच्या आतच तिचा पायथन २.७ होता. तुम्ही उबुंटूवर ॲस्ट्रोपाय टाकलं, टर्मिनलवर ते छान चाललं, पण कासा उघडून तेच इम्पोर्ट केलं की ‘नो मॉड्यूल नेम्ड ॲस्ट्रोपाय’. विद्यार्थी म्हणतो, ‘अहो, आत्ताच तर टाकलं!’ टाकलं होतं, पण वाड्याबाहेरच्या पायथनमध्ये.

खगोलशास्त्र सोडा, हा प्रकार आजही सगळ्यात जास्त दिसतो. एकाच लॅपटॉपवर सिस्टिमचा पायथन, ॲनाकोंडाचा पायथन आणि एडिटरने निवडलेला तिसरा पायथन असे सुखाने नांदत असतात. पिप एकाचा, प्रोग्रॅम चालवणारा दुसरा. म्हणून कुठल्याही इम्पोर्ट एररवर पहिला प्रश्न असतो: हा कोण पायथन बोलतोय? जिथे एरर आला तिथेच, त्याच नोटबुकात किंवा त्याच स्क्रिप्टच्या डोक्यावर, सिस-एक्झिक्युटेबल छापून बघा. जो पत्ता येईल त्याच पायथनला ‘वजा एम पिप इन्स्टॉल’ अशी आज्ञा द्या. नुसतं ‘पिप’ लिहिलंत तर तो कुणाचा पिप याची खात्री नसते.

दुसरी तारीख: टिंब असलेलं इम्पोर्ट, २००३ ते २००८

पायथन २ मध्ये एक सवलत होती. पॅकेजच्या आतली फाइल शेजारच्या फाइलला नुसत्या नावाने हाक मारू शकायची. समजा तुमच्या पॅकेजात ‘आयओ’ नावाची फाइल आहे. आतून ‘इम्पोर्ट आयओ’ म्हटलं की आधी घरातली फाइल मिळायची, पायथनची स्वतःची आयओ मिळायचीच नाही. पॅकेजं मोठी झाली तसा गोंधळ वाढला. डिसेंबर २००३ मध्ये पेप ३२८ हा प्रस्ताव आला: शेजाऱ्याला हाक मारायची तर नावाआधी टिंब द्या, टिंब नसेल तर शोध वरच्या यादीतच होईल. २००६ च्या पायथन २.५ मध्ये हे ऐच्छिक होतं. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आला आणि जुनी सवलत बंद झाली.

म्हणून २०१० च्या सुमाराचा फोल्डर आज चालवला की शेजारच्याच फाइलचं नाव घेऊन ‘नो मॉड्यूल नेम्ड’ येऊ शकतं. फाइल डोळ्यांसमोर आहे, पायथन नाही म्हणतो. टिंब घातलं की काम होतं. पण मग तीच फाइल सुटी चालवली की नवा एरर: ‘अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पेरेंट पॅकेज’. याचा अर्थ सरळ आहे. टिंब म्हणजे ‘माझ्या घरातला’. फाइल एकटी चालवलीत तर तिला घरच नाही. पॅकेजच्या बाहेरच्या फोल्डरात उभं राहून, ‘वजा एम’ लावून, पॅकेजच्या पूर्ण नावाने ती चालवा.

तिसरी तारीख: नावं बदलली, घरं बदलली

जुन्या खगोलशास्त्रीय कोडमध्ये ‘इम्पोर्ट पायफिट्स’ ही ओळ हमखास दिसते. एफआयटीएस फाइली वाचायचं हे जुनं मॉड्यूल. २०११ मध्ये ॲस्ट्रोपाय प्रकल्प सुरू झाला आणि सुट्या सुट्या मॉड्यूलना एका छपराखाली आणायचं ठरलं. पायफिट्स तिथे ‘ॲस्ट्रोपाय डॉट आयओ डॉट फिट्स’ या नावाने राहायला गेलं. आज ‘नो मॉड्यूल नेम्ड पायफिट्स’ आलं तर जुनं पायफिट्स शोधून टाकायच्या भानगडीत पडू नका. इम्पोर्टची ओळ बदला.

उलटा प्रकारही आहे. चित्रांसाठीचं पीआयएल हे पॅकेज थांबल्यावर त्याची शाखा पिलो नावाने पुढे चालू राहिली. त्यांनी जुना कोड मोडू नये म्हणून इम्पोर्टचं नाव पीआयएलच ठेवलं. त्यामुळे इन्स्टॉल करायचं पिलो आणि इम्पोर्ट करायचं पीआयएल. तसंच सायकिट-लर्न आणि एसकेलर्न, ओपनसीव्ही-पायथन आणि सीव्ही२, पायवायएएमएल आणि याम्ल. एररमधलं नाव आणि पिपला द्यायचं नाव एकच असेल असं धरून चालू नका. आणि अनोळखी नाव जसंच्या तसं पिपला देणं तर टाळाच, कारण त्या नावाने भलत्याच कुणीतरी काहीही टाकून ठेवलेलं असू शकतं.

चौथी तारीख: कासा ६ आणि १ जानेवारी २०२०

पायथन २ चा शेवट जवळ आल्यावर कासालाही हलावं लागलं. कासा ६ पायथन ३ वर आलं, आणि वाड्याच्या भिंतीही उघडल्या: कासाटूल्स, कासाटास्क्स असे सुटे भाग आता पिपने आपल्या पायथनमध्ये टाकता येतात. सोय झाली, पण जुन्या स्क्रिप्टा अडल्या. आधी कासा उघडलं की ‘गेनकॅल’सारख्या आज्ञा आपोआप हजर असायच्या. सुट्या भागांच्या वापरात ‘फ्रॉम कासाटास्क्स इम्पोर्ट गेनकॅल’ असं मागून घ्यावं लागतं. आणि जुन्या स्क्रिप्टांच्या डोक्यावर असणारी ‘फ्रॉम टास्कइनिट इम्पोर्ट’ ही ओळ तर थेट ‘नो मॉड्यूल नेम्ड टास्कइनिट’ देते. ते मॉड्यूल नव्या रचनेत नाहीच. कितीही शोधा, पिपवर मिळणार नाही.

एनसीआरएमधल्या रुता काळे आणि ईश्वर चंद्र यांची कॅप्चर ही पाइपलाइन २०२१ मध्ये प्रकाशित झाली. अद्ययावत जीएमआरटीचा डेटा कासात स्वच्छ करून त्याची चित्रं काढण्यासाठी ती आहे. तिची कासा ६ साठीची आवृत्ती वेगळी ठेवलेली आहे. नवशिक्याला हे दुहेरी काम वाटेल. पण त्यामागे शहाणपण आहे: हा कोड कुठल्या काळातला, हे नावातच लिहिलेलं असतं. तुमच्या फोल्डरावरही अशी पाटी असायला हवी.

पाचवी तारीख: आपल्या काळातली मोडतोड

हे सगळं पायथन २ बरोबर संपलं असं समजू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० आला आणि ‘फ्रॉम कलेक्शन्स इम्पोर्ट मॅपिंग’ ही ओळ चालेनाशी झाली. ते नाव आता ‘कलेक्शन्स डॉट एबीसी’मध्येच मिळतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.१२ ने डिस्टयूटिल्स आणि आयएमपी ही दोन जुनी मॉड्यूल काढून टाकली. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि नमपाय १ धरून कंपाइल केलेली बरीच पॅकेजं इम्पोर्टलाच कोसळू लागली. या शेवटच्या प्रकारात मॉड्यूल हरवलेलं नसतं. पाटी आहे, घर आहे, पण आतलं सी भाषेतलं यंत्र जुन्या मापाचं आहे. इथे पायथनची फाइल उघडून बघण्यात अर्थ नाही. दोन्ही पॅकेजांच्या आवृत्त्या जुळवाव्या लागतात.

या प्रवासात एक गोष्ट मात्र चांगली झाली: संदेश सुधारले. ‘मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर’ हा वेगळा प्रकार २०१६ च्या पायथन ३.६ पासून आहे. त्याआधी सगळंच नुसतं ‘इम्पोर्ट-एरर’. २०१९ च्या ३.८ पासून दोन फाइली एकमेकींना मागत बसल्या असतील तर पायथन तशी शंका बोलून दाखवतो. आणि २०२४ च्या ३.१३ मध्ये, तुम्ही स्वतःच्या फाइलला ‘रँडम’ असं पायथनच्याच मॉड्यूलचं नाव दिलं असेल, तर नाव बदलून बघा असं तो स्वतः सुचवतो. तेच आपले सदाशिव पेठेतले जोशी. तेव्हा एररची शेवटची ओळ पूर्ण वाचा. ती लिहायला लोकांनी पंचवीस-तीस वर्षं घालवली आहेत.

मग फोल्डर उघडल्यावर काय करायचं?

इतिहासातून निघणारा क्रम असा. आधी कोड किती सालचा ते ठरवा: फाइलींच्या तारखा बघा, ‘प्रिंट’नंतर कंस आहे का बघा, पायफिट्स किंवा टास्कइनिटसारखी जुनी नावं बघा. मग कुठला पायथन चालतोय ते छापा. मग सिस-पाथ छापा आणि त्यात पहिलं काय येतं ते वाचा. इम्पोर्ट होतंय पण वागणं विचित्र असेल, तर त्या मॉड्यूलची ‘फाइल’ छापून ते कुठल्या घरातून आलं ते बघा. नोटबुकात असाल तर कर्नल पुन्हा सुरू करा, कारण सिस-मॉड्यूल्सच्या वहीत जुनी नोंद तशीच असते. एवढं झाल्यावरच इन्स्टॉलचा विचार, आणि तोही प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळ्या व्हेन्व्ह किंवा कोंडा एन्व्हायर्नमेंटमध्ये. २०२३ पासून डेबियन आणि उबुंटू सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकू देत नाहीत. ती अडवणूक वाटते, पण तिचा उद्देश हाच आहे.

जुना कोड नव्या पायथनवर आणायचा की जुनाच पायथन एका कंटेनरमध्ये जपून चालवायचा, हा निर्णय मात्र शास्त्रीय आहे. जुना निकाल पडताळायचा असेल तर आधी जुन्या वातावरणात तोच आकडा येतोय ना ते बघा. मग कोड नवा करा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. उलट क्रमाने गेलात तर फरक डेटामुळे आला, की लायब्ररीमुळे, की तुमच्या दुरुस्तीमुळे, हे कधीच कळणार नाही.

आणि शेवटचं काम तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी. पायथनची आवृत्ती, ‘पिप फ्रीझ’ची यादी, ऑपरेटिंग सिस्टिम आणि चालवायची नेमकी आज्ञा, हे चार तपशील एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून फोल्डरात ठेवा. थिसिसच्या शेवटच्या महिन्यात हे लिहायला कुणाला वेळ नसतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच सुरू करा. खोडदच्या अँटेना आज रात्रीही डेटा घेत असतील. तो डेटा दहा वर्षांनी कुणीतरी उघडेल, आणि त्याच्या हातात तुमचा फोल्डर असेल.